सरपंचताई, सरपंचदादा, तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी ठराव घ्या

प्रति,
पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, ग्रामसभा कोष समित्यांचे सदस्य आणि पाड्यापाड्यांवरची जाणती माणसं यांस,

जोहार.

येत्या १ मे रोजी तुमच्याकडे ग्रामसभा भरेल. विषयपत्रिकेवर रस्ता असेल, पाण्याची टाकी असेल, घरकुलांची यादी असेल. त्यात आणखी एक विषय घाला, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या मुलांसाठी प्रत्येक पाड्यावर पाळणाघर सुरू करायचं. आई शेतावर किंवा मजुरीवर असेल तेवढा वेळ तिथे मूल सांभाळायचं, दिवसातून तीनदा ताजं शिजवून भरवायचं आणि खर्च पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, अबंध निधीतून (ग्रामसभेने स्वतः ठरवून खर्चायच्या पैशातून) करायचा, असा ठराव हवा. तोही मिरगाच्या आधी, कारण आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की उशीर झालेला असतो.

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. आता निवृत्त आहे. नोकरीतली बरीच वर्षं याच डोंगरपट्ट्यात गेली, त्यामुळे तुमच्यातल्या काही सरपंचांना मी पाटी घेऊन अंगणवाडीत बसलेलं पाहिलं आहे. त्या हक्काने लिहिते.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर मुलं दगावली आणि जव्हारचं नाव देशभर झालं. त्यानंतर योजना आल्या, अधिकारी आले, दवाखाने वाढले. तेव्हासारखी मरणं आज होत नाहीत, हे मी कबूल करते आणि त्यासाठी राबलेल्या सगळ्यांना मानते. पण मूल दगावलं की पाड्यावर गाड्या येतात, मूल खुरटलं तर कुणी येत नाही. खुरटलेलं मूल हसतं, खेळतं, दोन वर्षांचं असून दीड वर्षाचं दिसतं, आणि घरचे म्हणतात, आमच्यात सगळेच असे बारके. तो बारकेपणा जातीचा किंवा रक्ताचा असतो हे मला मान्य नाही. पोटभर आणि सकस खाल्लेलं आदिवासी मूल जगातल्या कुठल्याही मुलासारखंच वाढतं.

वाढीचा हिशोब एकदा नीट बघा. जन्मताना मूल साधारण ५० सेंटिमीटर असतं, वर्षाचं होईपर्यंत ७५ आणि दोन वर्षांचं होईपर्यंत ८५ च्या पुढे जायला हवं. वजन वर्षात तिप्पट होतं. इतक्या झपाट्याने माणूस पुन्हा कधीच वाढत नाही, आणि मेंदूचंही बहुतेक बांधकाम याच काळात होतं. या दोन वर्षांत जी उंची राहून गेली ती पुढे शाळेतल्या खिचडीने फारशी भरून येत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधावर मूल चांगलं वाढतं, हे आपल्या वजनाच्या तक्त्यांवरही दिसतं. सातव्या महिन्यापासून रेघ आडवी व्हायला लागते. दुसऱ्या वर्षात ती खाली वळते.

आता आपली व्यवस्था बघा. अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याखालच्यांना मिळतं घरी न्यायचं पाकीट. म्हणजे शरीर सगळ्यात जास्त मागतं त्या वयात शिजवणारं कुणी नाही, आणि मूल स्वतःच्या हाताने खायला लागलं की ताट वाढायला सेविका हजर! पाकिटाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. घरात पाच तोंडं असली तर ते पाच तोंडांत वाटलं जातं. चव नाही आवडली तर शेळीच्या पुढे जातं. यात मी कुठल्याही आईला दोष देत नाही. घरात आणलेलं अन्न एकट्या धाकट्याने खावं आणि बाकीच्यांनी बघावं, असा नियम कुठल्याच घरात चालत नाही.

आणि भरवणार कोण? आवणीच्या दिवसांत कुठल्याही पाड्यावर सकाळी अकराला जाऊन बघा. मोठी माणसं खाचरात. दारात सात-आठ वर्षांची पोर, कमरेवर अकरा महिन्यांचा भाऊ. आईने पहाटे नागलीची (नाचणीची) पेज करून टोपात झाकून ठेवलेली असते. पोर वाटीत पेज ओतते, वाटी भावाच्या तोंडाला लावते, निम्मी पेज गळ्यावरून पोटावर जाते. दोन घोट पोटात गेले की तो तोंड फिरवतो. पोर पुन्हा एकदा लावून बघते, मग वाटी खाली ठेवते, कारण तिलाही खेळायचं असतं आणि तीही लहानच आहे. दुपारी तो रडला की पुन्हा तीच पेज, आता आंबूस झालेली. संध्याकाळी आई येते, चिखलाचे पाय धुते, त्याला छातीला लावते आणि लावल्या लावल्या तो झोपतो. म्हणजे दिवसभरात त्याच्या पोटात गेलं सकाळचं आईचं दूध आणि दीड वाटी पेज.

या आईला पोषणाबद्दल व्याख्यान देण्यात काय अर्थ आहे? नोकरीत असताना आम्ही पोषण महिना साजरा करायचो, रांगोळीत अन्नघटक काढायचो, बायका कौतुकाने बघायच्या. त्यांना काय खायला द्यायचं हे ठाऊक असतं. मुलाजवळ बसून, थांबून, पुन्हा पुन्हा भरवणारा मोठा माणूस दिवसा घरात नसतो, खरी अडचण तिथे आहे. लहान मुलाच्या कुपोषणावर बोलताना आपण अन्नावर बोलतो, औषधावर बोलतो आणि वेळेबद्दल गप्प राहतो. आईचा वेळ शेताने आणि मजुरीने घेतलेला आहे. तो तिला घरी बसवून परत मिळणार नाही, तिने घरी बसावं असं मी म्हणणारही नाही. तो वेळ गावाने द्यायचा आहे.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग नावाची डॉक्टरांची संस्था आहे. त्यांनी जंगलातल्या गावांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ सुरू केल्या. गावातलीच बाई सांभाळणारी, आई कामावर असेल तोवर मूल तिथे, तिथेच शिजवायचं, तिथेच भरवायचं. पुढे २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या सरकारने आदिवासी भागात ही कल्पना उचलली. झारखंड आणि ओडिशातही अशी पाळणाघरं चालली आहेत. तिथली माणसं आपल्यासारखीच, भातशेतीची, रानातली, कामासाठी बाहेर जाणारी. आपल्याच राज्यात रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली की एका बाईला त्यांना सांभाळण्याची मजुरी द्यायची, अशी तरतूद होती. कायद्याला ती गरज कळली होती. मला मात्र कामावर झाडाला बांधलेल्या झोळ्याच जास्त दिसल्या.

पैशाबद्दल बोलू, कारण ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच येईल. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीचा वाटा थेट पेसा ग्रामपंचायतींना, ग्रामसभेच्या कोषात येतो. त्यातला एक भाग आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण यांवर खर्चायचा आहे. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणाचे असतात. एका पाड्यावर बारा मुलं धरा. खिचडी, डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, भाजी आणि रोज एक अंडं, यांचा आजच्या बाजारभावाने माझा अंदाज एका मुलामागे दिवसाला २५ ते ३० रुपये येतो. सांभाळणाऱ्या दोन बायांना महिन्याला प्रत्येकी ६ हजार दिले तरी सगळं मिळून महिन्याचे २० ते २२ हजार, वर्षाचे अडीच लाखांच्या आसपास. गावाच्या वेशीवरची कमान आणि चौकातले पेव्हर ब्लॉक यांना किती लागले, ते तुमच्याच दप्तरात आहे. मी कमानीच्या विरोधात नाही. पण दोन्हींत निवडायची वेळ आली तर काय निवडावं याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

हे सरकारचं काम आहे, ग्रामपंचायतीने का करावं, असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे, सरकारचंच काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वस्तीवर अंगणवाडी हवी म्हणून आदेश दिले, आहारात ठेकेदार नको म्हणून २००४ मध्येच सांगितलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांच्या मुलापासून आहाराचा हक्क दिला, दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. पण त्या आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला ६ रुपयांवरून ८ रुपये झाला. ८ रुपयांत आज एक अंडं येतं आणि वर काही उरत नाही. केंद्राची ‘पाळणा’ नावाची योजनाही आहे, देशभर १७ हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याची घोषणा त्यात झाली. त्यातलं एक आपल्या पाड्यावर यावं म्हणून अर्ज जरूर करा, आमदारांच्या मागे लागा. पण आज सहा महिन्यांचं असलेलं मूल योजना पोचेपर्यंत तीन वर्षांचं होऊन जाईल.

आता जेवणाबद्दल, कारण पाळणाघर उघडून पातळ पेजच पाजली तर सगळं फुकट. वर्षाच्या पुढच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण ५५० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात. वाटीभर पातळ पेजेत पीठ असतं जेमतेम तीन चमचे, म्हणजे पन्नासेक कॅलरी. दिवसाला अकरा वाट्या कोण पिणार? बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं, ते पाण्यानेच भरतं. म्हणून घट्ट शिजवा. चमचा आडवा केला तरी घास पडता कामा नये, इतकं घट्ट. भात आणि तूरडाळ किंवा उडीद एकत्र मऊ शिजवून घोटायचं, आणि मुलाच्या वाटीत वरून एक चमचा तेल. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. तेलाने लहान मुलाला खोकला होतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि ती मोडायलाच हवी. आपल्या रानात खुरासणी होते, तिचं तेलही चालेल. नागली उत्तमच, तिच्यात चुना (कॅल्शियम) भरपूर असतो. तिला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व केलं की घट्ट लापशीही पचायला हलकी होते.

सुकट घराघरांत असते. ती निवडून, खमंग भाजून, कुटून बरणीत भरून ठेवा आणि खिचडीत चमचाभर टाका. पावसात टाकळा, माठ, शेवगा फुकट उगवतात, त्यांची पानं बारीक चिरून वरणात. अंड्याचं म्हणाल तर सातव्या महिन्यापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अमृत आहार योजनेत ती आहेतच. पण लहान मूल अंगणवाडीपर्यंत येत नाही म्हणून त्याचं अंडं त्याच्या तोंडात पोचत नाही. पाळणाघर असलं की पोचेल. ज्या घरी अंडं चालत नाही त्यांना शेंगदाण्याचा कूट आणि दूध द्या, वाद घालू नका.

आजारपणात खाणं थांबवू नका. जुलाब लागले की जलसंजीवनी आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या आशाताईकडून घ्या आणि अन्न चालू ठेवा. मूल उठून बसलं की पुढचे दहा-पंधरा दिवस रोज एक जेवण जास्त द्या. आपल्याकडे पावसाळ्यात एकापाठोपाठ एक आजार येतात आणि दोन आजारांच्या मध्ये मूल भरून यायला वेळच मिळत नाही. बहुतेक मुलं मी अशीच घसरताना पाहिली.

सांभाळायला बाई निवडताना शिक्षण बघू नका, स्वभाव बघा. जिची स्वतःची मुलं मोठी झाली आहेत, जिला लहान पोरांचा कंटाळा येत नाही, अशी पाड्यातच असते आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. बारा मुलांमागे एक बाई पुरत नाही, दोन हव्यातच. एक चुलीपाशी असताना दुसरीचं लक्ष मुलांवर हवं. चूल आणि पाणी मुलांच्या हाताबाहेर, विहीर किंवा ओढा जवळ असेल तर कुंपण. समाजमंदिर रिकामं असेल तर तिथे, नसेल तर कुणाच्या पडवीत. हे काम अंगणवाडी सेविकेवर ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती. तिच्याकडे नोंदवह्या आहेत, मोबाइलमधला पोषण ट्रॅकर आहे, सर्वेक्षणं आहेत, निवडणुकीची कामं आहेत. तिने महिन्याला येऊन वजन, उंची आणि दंडाचा घेर घ्यावा, एवढंच तिच्याकडून मागा. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलं पाहिजे, आणि त्यासाठी गाडीचं भाडं कोषातून द्या. भाड्याला पैसे नाहीत म्हणून बाजाराच्या दिवसाची वाट बघणारी घरं मी पाहिली आहेत.

मापाबद्दल आणखी एक बोलायचं आहे. वजनकाटा खरं सांगतो, माणसं ते बदलतात. कुपोषित मुलांची यादी लांबली की गावाची बदनामी, सेविकेला बोलणी, वरून विचारणा. मग नकळत, भीतीपोटी, शे-दोनशे ग्रॅम वाढवून लिहिले जातात आणि त्या वाढवलेल्या ग्रॅमांमुळे मुलाचा जादा आहार जातो. गावाने सेविकेला ग्रामसभेत उभं करून सांगावं, ताई, खरं वजन लिही, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. ज्या गावाची यादी खरी आहे त्या गावाला मी चांगलं गाव म्हणते.

राज्याचा आकडाही लपवण्यासारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुरटलेली होती, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. पैसा आला, योजनांची नावं बदलली, उंची जागच्या जागी. देशात सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर मुलांतल्या फक्त अकरांना पुरेसा आहार मिळतो, असंही तेच सर्वेक्षण सांगतं. पण याच महाराष्ट्रात २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघालं, लक्ष दोन वर्षांखालच्या मुलांवर ठेवलं गेलं, आणि २००५-०६ ते २०१२ या काळात त्या वयातलं खुरटण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास उतरलं. उत्पन्न, शिक्षण, दवाखाने यांचाही त्यात हात होता, सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही. तरी इतकं नक्की की हे प्रमाण खाली येऊ शकतं, आपल्याच राज्यात आलं आहे.

वीटभट्टीवर मजुरीला जाणाऱ्या घरांचा विषय राहतो. दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडे गेलेली कुटुंबं उन्हाळा संपता संपता परततात, आणि परतलेल्या मुलाचं वजन मिरगाच्या तोंडावर सगळ्यात कमी असतं. पाळणाघर उघडलं की पहिली नावं या मुलांची लिहा. आणि घर बयाणा (आगाऊ उचल) घेऊन निघालं की ते जिथे चाललं त्या गावच्या अंगणवाडीला मुलाचं नाव, वय, वजन कळवायचं, हे कोष समितीतल्या एकाने अंगावर घ्यावं.

मुलींचाही एक फायदा आहे, तो ठरावात लिहायचा नसला तरी ध्यानात ठेवा. भावाला कमरेवर घेऊन बसलेली ती सात-आठ वर्षांची पोर मोकळी होईल आणि जूनमध्ये शाळेत जाईल. ती शिकली तर लग्न चार वर्षं उशिरा होईल, आणि तिचं पहिलं बाळ अडीच किलोच्या वरचं जन्मण्याची शक्यता वाढेल. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या शंभरातल्या एकवीस-बावीस तरुणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आपल्या भागात काय चालतं ते तुम्ही जाणताच.

ठरावात इतकं लिहा: पाड्याचं नाव, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची यादी, जागा, दोन बायांची नावं आणि मानधन, आठवड्याचा आहार, देखरेखीला पाच जणींची आया-समिती, पैसा कुठल्या निधीतून, आणि सुरू करण्याची तारीख. तारीख १ जूनच्या पुढे नको. ग्रामसेवकांनी निकषांवर बोट ठेवलं तर आरोग्य आणि शिक्षणाचा भाग दाखवा, आणि ग्रामसभेने घेतलेला निर्णय म्हणून लेखी उत्तर मागा. सगळे पाडे एकदम जमत नसतील तर सगळ्यात लांबच्या, रस्ता नसलेल्या पाड्यापासून सुरुवात करा. भरवायचं कसं, वजन-उंची घ्यायची कशी, हे निवडलेल्या बायांना शिकवायला मी येईन. कुठल्याही पाड्यावर, मानधन न घेता.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका